काँप्युटर सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

दुकानाच्या काँप्युटरवर बिलिंगला विंडोज आणि बाकी कामाला उबंटू टाकलंय? मग बूटलोडर माहीत हवा. कोणती सिस्टिम सुरू करायची ते ठरवणारा हा छोटा प्रोग्राम. तो बिघडला म्हणजे डेटा गेला असं नाही. कुलूप अडकलं म्हणून आपला सोनगीरचा भांडीवाला दुकान पाडतो का?

1. थेट विंडोज उघडतंय: बायोसमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये उबंटू सगळ्यात वर घ्या.

2. 'ग्रब रेस्क्यू' दिसतंय: बहुतेक वेळा लिनक्सचं पार्टिशन उडालेलं किंवा बदललेलं असतं. उबंटूच्या पेनड्राइव्हवरून 'ट्राय उबंटू' निवडा. आधी बिलांचा बॅकअप, मगच बूट-रिपेअर.

3. 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' आलंय: ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनंतर जगभर अनेकांना हाच मेसेज आला. त्या अपडेटने लिनक्सचे जुने बूटलोडर नाकारले. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, उबंटू अपडेट करा, परत चालू करा.

एक काम आजच करा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा. सिक्युअर बूट बदललं की विंडोज ती मागू शकतं. की नसेल, तर मात्र डेटा खरंच अडकतो.