गाडी उभी राहिली. आता पळवायची कशी?

कॉलेजच्या वर्कशॉपमधून रेसकार पहिल्यांदा बाहेर ढकलली जाते, तेव्हा जो-तो मोबाइल काढतो. चारही चाकं उघडी, मध्ये एकच सीट, नाक जमिनीला टेकायला आलेलं. नारळ फुटतो, फोटो निघतात, स्टेटस पडतात. टीमला वाटतं, सुटलो एकदाचे! पण खरं काम तिथूनच पुढे सुरू होतं. वेल्डिंग करून उभी केलेली गाडी आणि ट्रॅकवर सरळ पळणारी, वळणारी, थांबणारी गाडी यांच्यात कित्येक आठवड्यांचं अंतर असतं. हे अंतर कसं कापायचं, त्याबद्दल आज बोलू.

ही गाडी ‘फॉर्म्युला स्टुडंट’ची. १९८१ साली अमेरिकेत ‘फॉर्म्युला एसएई’ या नावानं ही स्पर्धा सुरू झाली. विद्यार्थ्यांनीच गाडी डिझाइन करायची, बनवायची आणि चालवायची. आपल्याकडे ‘सुप्रा एसएई इंडिया’ आणि ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धा त्याच धर्तीवर होतात. आयआयटी मुंबईची ‘आयआयटी बॉम्बे रेसिंग’ ही टीम इलेक्ट्रिक गाडी घेऊन इंग्लंडला सिल्व्हरस्टोनपर्यंत गेली, तर सोमय्या कॉलेजची ‘ओरायन रेसिंग इंडिया’ जर्मनीतल्या हॉकेनहाइमला.

आता तुम्ही म्हणाल, ‘ती मुंबईची पोरं. आम्ही राहात्यातून रोज एसटीनं लोणी, कोपरगाव नाहीतर संगमनेर गाठणारे. आमच्याकडे ना स्पॉन्सर, ना ट्रॅक.’ मुद्दा बरोबर आहे. गाडी बनवायला पैसा लागतोच. पण बनलेल्या गाडीचा सेटअप करायला काय लागतं, ते बघा : सपाट फरशी, चार वजनकाटे, नायलॉनची दोरी, स्टीलची पट्टी, हवेचा गेज आणि एक वही. एवढ्या सामानासाठी मुंबईला जावं लागत नाही.

आधी जमीन सपाट करा

सेटअपची पहिली पायरी गाडीची नसून जमिनीची आहे. चार चाकांखालची फरशी काही मिलिमीटर वर-खाली असली, तरी पुढची सगळी मापं खोटी येतात. महागडं सेटअप पॅड नसेल, तर गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब घ्या. चार चाकांच्या जागा आखा, सगळ्यात उंच कोपरा शोधा आणि बाकीच्या तिन्हींखाली प्लाय किंवा पत्र्याचे तुकडे ठेवून पातळी जुळवा. या जागा ऑइल पेंटनं कायमच्या रंगवून टाका. दर वेळी गाडी तिथेच उभी राहिली पाहिजे.

मग गाडी शर्यतीला जाते तशी भरा. पेट्रोल, ऑइल, पाणी सगळं हवं. सीटवर ड्रायव्हर बसवा किंवा त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवा. टायरची हवा ठरवा. बाइकमध्ये आपण तीसच्या आसपास पीएसआय भरतो. या हलक्या गाडीचे स्लिक टायर साधारण १० ते १४ पीएसआयवर चालतात. म्हणजे इथे एका पीएसआयचा फरकसुद्धा मोठा. मोजताना गेज एकच वापरा, कारण दोन गेज सहसा एकच आकडा दाखवत नाहीत.

लंगडी बाज आणि चार काटे

आता कॉर्नर वेट, म्हणजे प्रत्येक चाकावर किती वजन येतं ते. घरातल्या बाजेचा एक पाय आखूड असला, की ती दोन तिरक्या पायांवर डुगडुगते. गाडीचंही तसंच होतं, फक्त स्प्रिंगमुळे ते डोळ्यांना दिसत नाही. काट्यावर मात्र दिसतं.

एक उदाहरण घेऊ. ड्रायव्हरसह गाडी ३०० किलोची आहे. पुढचं डावं चाक ७२, पुढचं उजवं ६८, मागचं डावं ७८, मागचं उजवं ८२. डावी बाजू १५०, उजवीही १५०, म्हणजे वरवर सगळं छान. पण तिरकी बेरीज करा : पुढचं उजवं अधिक मागचं डावं १४६, आणि दुसरा कर्ण १५४. ही गाडी डावीकडे एक वागेल आणि उजवीकडे दुसरंच. ड्रायव्हर सांगत राहील, ‘एका बाजूला मस्त वळते, दुसऱ्या बाजूला नाक बाहेर जातं’, आणि टीम उगाच टायरला दोष देत बसेल.

उपाय सोपा आहे. पुढच्या उजव्या स्प्रिंगची बैठक किंचित वर घ्या. त्या कोपऱ्यावर वजन वाढेल, त्याच्या तिरक्या कोपऱ्यावरही वाढेल आणि उरलेल्या दोन्हींवर तेवढंच कमी होईल. ७०, ७०, ८०, ८० असे आकडे आले, की दोन्ही कर्ण १५०. हे करताना अँटी-रोल बार सोडवून ठेवा. तो जोडलेला असेल तर एका बाजूचं वजन दुसरीकडे ढकलतो आणि काटा फसवतो.

दोरीनं चाकं सरळ

यानंतर कॅम्बर आणि टो. समोरून बघितल्यावर चाक वरच्या बाजूनं आत झुकलेलं दिसतं, तो निगेटिव्ह कॅम्बर. वळणावर गाडी कलते तेव्हा टायर रस्त्याला पूर्ण टेकावा, म्हणून तो एक-दोन अंश ठेवतात. वरून बघितल्यावर दोन्ही चाकांची पुढची टोकं आत वळलेली असतील तर टो-इन, बाहेर असतील तर टो-आउट.

टो मोजायला लेझर नको. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँड ठेवून चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोरी ताणा. दोन्ही दोऱ्या गाडीच्या मध्यरेषेला समांतर हव्यात. आता दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंत आणि मागच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा टो.

क्रम मात्र चुकवायचा नाही : हवा, गाडीची उंची, कॉर्नर वेट, कॅम्बर आणि शेवटी टो. कॅम्बर हलवला की टो हलतो, उंची बदलली की दोन्ही हलतात. म्हणून शेवटी पुन्हा एकदा पहिल्यापासून सगळं तपासायचं. कंटाळवाणं आहे? आहेच. पण हे केल्याशिवाय टेस्टिंगला गेलात, तर गाडी काय सांगतेय ते कळणारच नाही.

आठच्या आकड्यात गाडीची परीक्षा

टेस्टिंगसाठी ट्रॅक लागतो असं नाही. स्पर्धेतला ‘स्किडपॅड’ हा इव्हेंट म्हणजे आठचा आकडा. आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर, रस्ता ३ मीटर रुंद, दोन वर्तुळांच्या मध्यबिंदूंत १८.२५ मीटर. साधारण ४० बाय २२ मीटर डांबरी किंवा काँक्रीटची जागा आखणीला पुरते. शिवाय चारही बाजूंना गाडी घसरली तर थांबायला मोकळी जागा हवीच. दोरी, खडू आणि कोन घेऊन तासाभरात आखणी होते. आधी जागा झाडून घ्या, बारीक खडीवर कुठलाच टायर टिकत नाही.

घड्याळ इथे खरं बोलतं. वर्तुळाची एक फेरी ६ सेकंदांत झाली, तर गाडी वळणावर साधारण १ जी सहन करतेय. साडेपाच सेकंदांत झाली, तर १.२ जी. अर्ध्या सेकंदात केवढा फरक!

आता ड्रायव्हरचं ऐका. ‘स्टिअरिंग वळवतोय पण नाक जात नाही’ म्हणाला तर अंडरस्टिअर. ‘मागचं निसटतंय’ म्हणाला तर ओव्हरस्टिअर. पुढचा अँटी-रोल बार मऊ केला की नाक जास्त वळतं; मागचा मऊ केला की मागची पकड वाढते. फेऱ्या झाल्याबरोबर टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर असं तीन ठिकाणी मोजा. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त आहे. आतली कड फारच तापली तर कॅम्बर जास्त आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम : एका वेळी एकच बदल. हवा कमी केली, बार मऊ केला, टो बदलला आणि गाडी अर्ध्या सेकंदानं सुधारली, तर कशामुळे सुधारली? कुणालाच सांगता येणार नाही. पुढच्या वेळी तीच सुधारणा परत आणता येणार नाही.

२२ किलोमीटर आणि एक नट

स्पर्धेत एकूण १००० गुण असतात. त्यांतला सगळ्यात मोठा वाटा ‘एन्ड्युरन्स’चा. साधारण २२ किलोमीटर पळायचं, मध्ये ड्रायव्हर बदलायचा, गाडी पुन्हा सुरू करायची. त्या वेळात गाडीला पाना लावायची परवानगी नसते. दुचाकीवर राहात्याहून शिर्डीला दोनदा जाऊन येण्याइतकं हे अंतर, पण भल्याभल्या गाड्या इथेच बसतात. इंजिन फुटलं म्हणून बसतात, तशाच चेन उतरली, वायर घासून तुटली, होजचा क्लॅम्प सुटला म्हणूनही बसतात.

म्हणून मेंटेनन्स. आपल्या भागात हे वेगळं समजावून सांगायला नको. साखर कारखान्याचं गळीत संपलं, की पुढच्या हंगामाआधी सगळी यंत्रं खोलून दुरुस्त होतात, कारण उसाच्या गाड्या गेटवर उभ्या असताना मिल बंद पडणं परवडत नाही. रेसकारचा हंगाम काही मिनिटांचा असतो, एवढाच फरक.

प्रत्येक बोल्ट ठरलेल्या टॉर्कला कसल्यावर नटपासून ब्रॅकेटपर्यंत पेंट मार्करची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे नट फिरला. एका नजरेत पन्नास बोल्ट तपासून होतात. सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेकच्या जागी एकदा खोललेला नायलॉक नट पुन्हा वापरू नका. गाडी स्टँडवर घेऊन प्रत्येक चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. खटखट आली तर बेअरिंग किंवा रॉड एंड ढिला आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून उघडा पडलेला डबा वापरायचा नाही. पॅडल मऊ लागलं की हवा काढा, ‘उद्या बघू’ नको.

बरेच जण चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९०चं इंजिन वापरतात. त्यात एक गंमत आहे. बाइक वळताना कलते, त्यामुळे ऑइल समपच्या तळाशीच राहतं. कार कलत नाही, त्यामुळे लांब वळणावर ऑइल एका बाजूला जमतं आणि पंप हवा ओढतो. समपमध्ये बॅफल प्लेट बसवली नसेल, तर स्किडपॅडचा सराव इंजिनच खाऊन टाकेल. कूलिंगला फक्त साधं पाणी चालतं; कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागून येणाऱ्याची गाडी घसरते, म्हणून त्याला बंदी. गाडी इलेक्ट्रिक असेल, तर बॅटरीवर एकट्यानं कधीच काम करू नका. सोबत दुसरं माणूस आणि हातात इन्सुलेटेड ग्लोव्हज हवेतच.

आत बसलेला आपलाच मित्र असतो

ही काळजी गुणांसाठी आहेच, पण त्याहून मोठं कारण सीटवर बसलेलं आहे. तो तुमचा रूममेट असेल, वर्गातली मैत्रीण असेल. स्पर्धेत ड्रायव्हरला ५ सेकंदांत गाडीबाहेर यावं लागतं, चारही चाकं लॉक करून ब्रेक टेस्ट द्यावी लागते. हे नियम कॉलेजच्या आवारातल्या टेस्टिंगलाही लावा. प्राचार्यांची लेखी परवानगी, हेल्मेट, बेल्ट, हातात अग्निशामक घेऊन उभा असलेला माणूस आणि बघ्यांना लांब ठेवणारी दोरी. यातलं एकही नसेल तर गाडी सुरू करायची नाही. आणि कितीही मोह झाला, तरी नगर-मनमाड रोडवर किंवा कुठल्याही सार्वजनिक रस्त्यावर ही गाडी काढायची नाही.

‘फॉर्म्युला भारत’ कोइम्बतूरच्या ‘कारी मोटर स्पीडवे’वर भरते. हे नाव एस. करिवर्धन यांचं. १९८०च्या दशकात त्यांनी मारुती ८००चं इंजिन वापरून ‘फॉर्म्युला मारुती’ या सिंगल सीटर गाड्या बनवल्या. रेसिंग सामान्य पोरांच्या आवाक्यात यावं, हा हेतू. पुढे भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर झालेला नारायण कार्तिकेयन सुरुवातीला याच गाड्या चालवायचा. घराघरातल्या गाडीचं इंजिन नीट बसवलं आणि नीट सांभाळलं, तर ते कुठवर नेतं, ते बघा.

वही कुणाकडे?

कॉलेजच्या टीमचा सगळ्यात मोठा बिघाड गाडीत नसतो. फायनल इयरची बॅच पास होऊन जाते आणि चार वर्षांचं शहाणपण तिच्यासोबत निघून जातं. नवे ज्युनिअर्स त्याच चुका नव्यानं करतात. त्याला औषध एकच, सेटअपची वही. तारीख, हवामान, ड्रायव्हर, चारही टायरची हवा, कॉर्नर वेट, कॅम्बर, टो, काय बदललं, का बदललं, वेळ किती आली, ड्रायव्हर काय म्हणाला. काय तुटलं आणि किती किलोमीटरनंतर तुटलं, तेही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलेलं दोन दिवसांत वर सरकून जातं; वही वर्कशॉपच्या कपाटात राहते.

टीममध्ये असाल, तर पुढच्या टेस्टिंगला जाताना पानाच्या सेटबरोबर ती वही घ्या. टीमच नसेल, तर एखाद्या ट्रॅक्टर गॅरेजमध्ये जाऊन मिस्त्रींशेजारी चार दिवस उभे राहा. हातानं चाक हलवून बेअरिंग कसं ओळखायचं, ते कुठल्याही पुस्तकापेक्षा ते चांगलं दाखवतील. आणि स्पर्धेचं रूलबुक डाउनलोड करा. नियम दर वर्षी थोडे बदलतात, म्हणून यंदाचंच वाचा. सेमिस्टर संपायच्या आत निदान एकदा, पहिल्या पानापासून.