सोमवारी सकाळी पोट का दुखतं?

सोमवारची सकाळ. डबा भरून झालाय आणि सातवीतली पोरगी पोट धरून उंबऱ्यात बसली आहे. रविवारी ठणठणीत होती. आईला कामावर जायची घाई. ती आधी समजावते, मग ओरडते, शेवटी एक धपाटा घालते. आजी म्हणते, "नजर लागली असेल." बाप म्हणतो, "नाटकं आहेत सगळी."

असं घर आपल्या बहुतेक वस्त्यांत सापडेल. आम्ही दवाखान्यात नोकरीला होतो तेव्हा अशीच एक मुलगी आईबरोबर यायची. तीन वेळा पित्ताचं औषध आणि एकदा जंताची गोळी देऊन आम्ही तिला परत पाठवलं. पुढे ती आलीच नाही. वर्षभराने कळलं, तिची शाळा सुटली होती. "बाळा, तुला कशाची भीती वाटते का?" एवढं आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. चूक आमची होती. म्हणूनच हे लिहितो आहोत.

भीतीचा आजार

भीती वाईट नसते. राखणीचं कुत्रं चोर आल्यावर भुंकलं तर बरंच. पण पान हललं तरी ते रात्रभर भुंकत राहिलं, तर घरात झोप कोणाला लागणार? मुलाच्या मनाचं असं होतं तेव्हा त्याला चिंतेचा आजार म्हणतात. पोट किंवा डोकं दुखणं, छातीत धडधड, हाताला घाम, झोप न लागणं, शाळेच्या वेळी रडू येणं, आईला क्षणभरही न सोडणं ही त्याची लक्षणं. दुखणं खरं असतं, पण मूळ मनात असतं. आधी डॉक्टरांकडून शरीराची तपासणी करावीच. त्यात काही निघालं नाही आणि त्रास आठवडेच्या आठवडे चालू राहिला, तर मनाकडे बघावं.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली. १३ ते १७ वयाच्या दर शंभर मुलांत सातांहून अधिक मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. म्हणजे आपलं मूल एकटं नाही.

कारणं अनेक असतात: परीक्षा, घरातली दारू आणि भांडणं, झोपडं पाडण्याची नोटीस. आणि शाळेत जातीवरून मारलेला टोमणाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, हे आपण मुलांना सांगतो. मग आपल्या मुलाला वर्गात आज काय ऐकावं लागतं, हेही विचारलं पाहिजे. अपमान होत असेल तर मुलाला उपचार द्यायचाच, पण शाळेलाही जाब विचारायचा. अपमान गिळायला शिकवणं हा उपचार नव्हे.

उपचार म्हणजे काय?

भगत-देवऋषीकडे जाणं आपण बावीस प्रतिज्ञांबरोबरच सोडलं. पण "समुपदेशन म्हणजे चार उपदेशाच्या गोष्टी" हा गैरसमज अजून आहे. या आजारावर सीबीटी नावाची उपचारपद्धत चांगली उपयोगी पडते. साधारण ८ ते १६ भेटी लागतात. "मी वाचायला उभी राहिले की सगळे हसतील" हा विचार कितपत खरा आहे, हे मूल तपासायला शिकतं. मग भीतीची शिडी एकेक पायरीने चढतं: आधी फाटकापर्यंत, मग एक तास वर्गात, मग पूर्ण दिवस. शाळा पूर्ण बंद केली तर आज बरं वाटतं, पण भीती वाढत जाते. औषध लागलं तर मानसोपचारतज्ज्ञ देतात. ते मनाने सुरू करू नये, मनाने बंदही करू नये.

"विहारात आनापानाला बसव," असं काही जण म्हणतात. श्वासावर लक्ष ठेवण्याने अनेक मुलांना शांत वाटतं. ते जरूर करा, पण उपचाराऐवजी नको, उपचाराच्या जोडीने करा.

दार कुठे आहे?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना ती मोफत मिळाली पाहिजे. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग विचारा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच. मूल मरणाची भाषा करत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर सोमवारची वाट बघू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पण खरी अडचण आम्हाला ठाऊक आहे. रुग्णालय दूर, ओपीडी सकाळची, म्हणजे प्रत्येक भेटीला आईचा एक खाडा. दोन खाडे झाले की तिसरी भेट होत नाही. म्हणून समुपदेशक मुलापर्यंत, शाळेतच आला पाहिजे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे.

हे आपोआप होणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. तायांनो, त्या खुर्च्या तुमच्या आहेत. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा एक अर्ज लिहा: "आमच्या शाळेत समुपदेशक कधी येणार?" खाली पालकांच्या सह्या घ्या, मुख्याध्यापकांना द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. तोवर महिला मंडळातल्या दोघी-तिघींनी पाळी लावावी. ज्या आईला खाडा परवडत नाही, तिच्या मुलाला एकीने रुग्णालयात न्यावं. पहिल्या भेटीला मात्र आई किंवा वडील हवेतच.

त्या मुलीचं गेलेलं वर्ष आम्ही परत देऊ शकत नाही. पण उद्या सकाळी तुमच्या उंबऱ्यात पोट धरून बसलेलं लेकरू दिसलं, तर धपाटा घालू नका. दोन मिनिटं त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "बाळा, भीती कशाची वाटते?"

जय भीम!