हा नुसता दगड की हत्यार?

बदलापूर स्टेशनच्या फलाटावरून रुळांमधली खडी बघा. (फलाटावरूनच हं, खाली उतरायचं नाही!) काळे, टोकदार, धारदार दगड. एखादा तर थेट चित्रातल्या आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडीसारखा. मग तो आदिमानव इथे कर्जत लोकलची वाट बघत बसला होता की काय? छे! ही खडी यंत्रात फोडलेली.

थोडक्यात, नुसत्या आकारावर जायचं नाही. दगडावर घाव कसे पडलेत ते बघायचं.

गोट्याने दुसऱ्या दगडाच्या कडेवर नेमका फटका मारला की टवका उडतो. फटका बसतो त्या जागेच्या लगेच खाली टवक्यावर बारीक फुगवटा येतो आणि मूळ दगडावर त्याच मापाचा खळगा पडतो. तिथून पुढे अर्धगोल तरंग पसरलेले असतात. चकमकीसारख्या गुळगुळीत दगडावर ते छान दिसतात, आपल्या काळ्या दगडावर जरा पुसट. पण ती कड नव्वद अंशांहून लहान कोनाची हवी, नाहीतर नुसता ठोकाच बसतो. आदिमानवाला कोनमापक माहीत नव्हता, कोन मात्र पक्का माहीत होता!

आता गंमत अशी, की यंत्रातही कधीकधी फुगवटा येतो आणि पुरात दगडावर दगड आपटूनही टवके उडतात. मग फरक कुठे? क्रमात. माणूस एकाच कडेवर शेजारीशेजारी घाव घालतो, मग दगड उलटतो आणि दुसऱ्या बाजूनेही टवके काढतो. एक घाव दुसऱ्याच्या अंगावर चढलेला दिसतो, त्यामुळे आधी कुठला आणि नंतर कुठला हेही सांगता येतं. नदीला असली शिस्त नाही.

रंगही बघा. उघड्यावर पडलेल्या काळ्या दगडावर हळूहळू तपकिरी साल धरते. सगळा दगड तपकिरी आणि घाव तेवढा ताजा काळा दिसला, तर तो घाव परवाचाच. शिवाय या दगडाला एक खोड आहे: तो झिजताना कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. असे गोल पापुद्रे पाहून भलेभले फसतात.

बदलापूरच्या उल्हास नदीच्या पात्रातले बहुतेक गोटे हे नुसते गोटेच. पण महाराष्ट्रातल्या नद्यांनी खरा खजिनाही दिलाय. प्रवरेकाठच्या नेवाश्याला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया यांनी १९५० च्या दशकात दगडी हत्यारं शोधली. जवळच्या चिरकी नाल्यापाशी पुढे गुद्रुन कोर्विनस या जर्मन संशोधक बाईंनी उत्खनन केलं आणि हातकुऱ्हाडी निघाल्या. आणि मुंबईत? के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याने कांदिवलीला हत्यारं गोळा केली, १९३९ साली त्यावर लेखही लिहिला. मुंबई परिसरातल्या सूक्ष्मास्त्रांवरही त्याने लिहिलंय. सूक्ष्मास्त्रं म्हणजे नखाएवढी दगडी पाती. लाकडात किंवा हाडात ओळीने बसवली की झाला बाण, झाला विळा!

‘अशा हत्याराचे किती रुपये येतील?’ हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. उत्तर सोपं आहे: परवान्याशिवाय अशा प्राचीन वस्तूंचा व्यापार करायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. आणि हत्याराचं खरं मोल ते कुठे पडलं होतं यात असतं. कुकडी नदीकाठच्या बोरी गावात हत्यारांजवळ ज्वालामुखीची राख सापडली. राखेचं वय मोजता येतं. काहींच्या मते ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची, काहींच्या मते त्याहून कितीतरी जुनी. वाद जोरात रंगला, पण तो होऊ शकला कारण हत्यार राखेजवळ आहे हे नोंदलेलं होतं. तेच कुणी खिशात घालून घरी नेलं असतं तर शोकेसमध्ये एक दगड वाढला असता, बस्स.

तेव्हा तुम्हाला संशयास्पद दगड दिसला तर घरी नेऊ नका. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा (ते २७ मिलिमीटर रुंद असतं, म्हणून फोटोत मापाला बरं) आणि दोन्ही बाजू दिसतील असे फोटो काढा. उलटून पाहिलात तर होता तसाच परत ठेवा. जागा, तारीख आणि जवळची खूण वहीत लिहा. मग ते सगळं घेऊन शाळेतल्या बाईंना किंवा सरांना गाठा आणि त्यांच्यामार्फत राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. पावसाळ्यात मात्र नदीकाठी जायचंच नाही.