शंका आली म्हणजे विश्वास गेला का?

पीएचडीचा विषय सांगितला की बुटीबोरीतल्या आमच्या मंडळीत कुणीतरी हमखास म्हणतं, "शंका कशाला उकरून काढतोस बाबा?" म्हणणारे वयाने मोठे असतात आणि त्यांच्या बोलण्यामागे भीती असते. एमआयडीसीत लागलेला मुलगा रविवारी उपासनेला यायचा थांबतो, घरचे म्हणतात, त्याला नको ते प्रश्न पडायला लागले होते. प्रश्न पडले म्हणून गेला, की प्रश्न विचारायला जागा नव्हती म्हणून, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी वाचतोय ती 19व्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती माणसांची पत्रं आणि आत्मकथनं. त्यांत पंडिता रमाबाईंची पत्रं झोप उडवतात. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोवर आईवडील दुष्काळात गेले होते, मग भाऊ, मग नवरा. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली होती.

आणि 1885 मध्ये याच बाई सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून भांडताना दिसतात. त्रैक्याची चर्चने केलेली मांडणी त्यांना पटत नव्हती, ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दलही प्रश्न होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही. जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या डोरोथिया बील यांनी मात्र रमाबाईंच्या प्रश्नांना प्रश्न म्हणूनच उत्तरं दिली. माझ्या मते त्या पत्रव्यवहारातला खरा पाळक ही मास्तरीणबाईच.

गंमत म्हणजे रमाबाई ख्रिस्ताला सोडून गेल्या नाहीत, आणि सगळी उत्तरं मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसल्याही नाहीत. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. मात्र त्यांना कायमची संशयवादी ठरवायचा मोह आपण टाळायला हवा (आमच्या अभ्यासक्षेत्रात तो बराच आहे). पुढे त्यांचा विश्वास चांगलाच ठाम झाला. पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आधी फक्त ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं गेली. मधली ती वर्षं वाया गेली असं म्हणायचं का? त्याच बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, बाहेर आलं.

ग्रीकचा विषय निघालाच आहे तर एक शब्द सांगतो: दिस्ताझो. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो दोनदाच येतो. एकदा पाण्यात बुडणाऱ्या पेत्राला येशू बोलतो तेव्हा, आणि एकदा अगदी शेवटी, पुनरुत्थित येशूपुढे शिष्य नमन करतात आणि काहींना शंका वाटते तेव्हा. शब्दाच्या मुळाशी 'दोन' आहे. आपल्या 'द्विधा'मधल्या 'द्वि'चंच ते भावंड. म्हणजे नकार नव्हे, दोन वाटांवर अडलेला पाय. आणि या द्विधा मनाच्या शिष्यांना येशू बाजूला काढत नाही, सगळ्यांनाच कामाला पाठवतो.

दुसरी शंका तत्त्वाची नसते, दुःखाची असते. ती आपल्या दारातच घडलेली आहे. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप 1845 पासून नागपुरात मिशनरी होते. 4 सप्टेंबर 1863 ला ते टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेले आणि बोरीकडे परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. देवाच्या कामासाठी एवढ्या लांबून आलेला माणूस ओढ्यात का जावा? 'देवाची योजना' म्हणून मोकळं होता येतं, पण बायबल स्वतः तेवढी घाई करत नाही. 88वं स्तोत्र अंधारावरच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. तरी ते पहिल्या ओळीपासून देवाशीच बोलतंय, आणि ज्यांनी स्तोत्रं एकत्र केली त्यांनी ते वगळलं नाही.