सापाच्या पेटीतली फांदी

बेंगळुरूत वळवाचा पाऊस झोडपून गेला की रस्तोरस्ती फांद्या पडतात. बॉल पायथनच्या पेटीत अशी एखादी शोभेल खरी, पण धुतल्याशिवाय नाही. (भारतीय साप पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, ही गोष्ट परदेशी जातींची.)

आधी सैल साल ब्रशने खरवडून काढावी, कारण फटींत किडे आणि त्यांची अंडी दडलेली असतात. मग लहान फांदी अर्धा तास उकळून कडक उन्हात पूर्ण वाळवावी. ओल राहिली की बुरशी धरलीच!

फिनेल मात्र चुकूनही नको. लाकूड ते शोषून घेतं आणि त्यातली फिनॉलवर्गातली रसायनं सापाला घातक ठरतात. शिवाय साप जिभेने गंधकण टिपून टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत पोहोचवतो. उग्र वासाने त्याचे हालच होतात.

पेटीत ठेवायचे दगड उकळू नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात. गरम पाण्याने खसखसून घासले तरी पुरतं.