बेरीज न मानणारी एंट्रॉपी आणि तपमान

दोन पदार्थ एका तिसऱ्या पदार्थाशी औष्णिक समतोलात असतील, तर ते परस्परांशीही समतोलात असतात. ऊष्मागतिकीच्या या शून्याव्या नियमावरच तपमान या राशीचे अस्तित्व अवलंबून आहे. नेहमीच्या मांडणीत दोन भागांची एकूण एंट्रॉपी ही त्यांच्या एंट्रॉपींची बेरीज असते. एकूण ऊर्जा कायम ठेवून ही बेरीज महत्तम केली असता, ऊर्जेनुसार एंट्रॉपी वाढण्याचा दर दोन्ही भागांत समान येतो. या दराचा व्यस्त म्हणजेच निरपेक्ष तपमान होय.

ब्राझीलमधील कॉन्स्टान्टिनो त्सालिस यांनी १९८८ मध्ये सुचविलेली एंट्रॉपी मात्र हा बेरजेचा नियम पाळीत नाही. अ व ब हे भाग संभाव्यतेच्या दृष्टीने स्वतंत्र असल्यास, बोल्ट्झमन स्थिरांक एकक मानून,

ए(अ+ब) = ए(अ) + ए(ब) + (१ − क्यू) ए(अ) ए(ब)

असे सूत्र मिळते. क्यू = १ असता जुना नियम परत येतो. ही राशी महत्तम केल्यास नुसते दर समान येत नाहीत. प्रत्येक दरास त्या भागाच्या १ + (१ − क्यू) ए या राशीने भागून येणारे भागाकार समान येतात. तेव्हा तपमान म्हणून या भागाकाराचा व्यस्त घेणे भाग आहे. हा भागाकार म्हणजे रेन्यी एंट्रॉपीच्या वाढीचाच दर होय, आणि ती एंट्रॉपी स्वतंत्र भागांसाठी बेरीज पाळते. म्हणजे बेरीज सोडून निघालेला विचार तपमानापाशी येताच पुन्हा बेरजेकडे वळतो.

येथे दोन अडचणी लक्षात घ्यावयास हव्यात. पहिली अशी की, वरील सूत्र दोन्ही भागांचा क्यू एकच मानते. साध्या तपमापकाचा क्यू १ असतो. मग क्यू निराळा असलेल्या संस्थेस तो लावल्यास काय मोजले जाते? मायकेल नाउएनबर्ग यांनी २००३ मध्ये घेतलेला आक्षेप याच मर्मावर बोट ठेवतो. दुसरी अडचण अशी की, वरील सिद्धतेत ऊर्जांची बेरीज व भागांचे स्वातंत्र्य गृहीत धरले आहे. गुरुत्वाकर्षणासारख्या दूरगामी बलांच्या संस्थांत परस्परक्रियेची ऊर्जा नगण्य नसते. आणि या नव्या एंट्रॉपीची गरज तर अशाच संस्थांसाठी सांगितली जाते.

तात्पर्य, वरील सिद्धतेने तपमानाची सुसंगत व्याख्या मिळते. परंतु एखाद्या प्रत्यक्ष संस्थेला तसे तपमान आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही.