वाट शेतकऱ्याची, पास आपला : डोंगरी सायकलींच्या धंद्याचा हिशेब

डोंगरी सायकल, म्हणजे जाड टायरची, गिअरची, खडकाळ वाटेवर चालणारी सायकल. परदेशात या सायकलींसाठी शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीतून वाटा आखल्या जातात, त्या वाटांवर जाण्याचे पास विकले जातात आणि त्या पासांच्या आधाराने आजूबाजूची खानावळ, दुरुस्तीचे दुकान, मुक्कामाची खोली असा सारा बाजार चालतो. आपल्या आर्णी भागात असा धंदा कोणी मांडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पण यवतमाळ-नांदेड महामार्गावर थंडीच्या दिवसांत गिअरच्या सायकली दिसू लागल्या आहेत. अरुणावती-पैनगंगेकडचा उंचसखल मुलूख, माहूरचा डोंगर, पांदण रस्ते हे सगळे आपल्या हाताशी आहे. तेव्हा हा धंदा कसा उभा राहतो आणि कसा बसतो, हे आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी आधीच समजून घेतलेले बरे.

यातले सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातले आहे. तेथे बर्क नावाचे गाव आहे, वस्ती दोन हजारांच्याही आत. १९९४ साली गावातले दुकानदार आणि रहिवासी एकत्र आले आणि त्यांनी ‘किंगडम ट्रेल्स’ नावाची ना-नफा संस्था काढली. आसपासच्या शेतकऱ्यांकडून, जंगलवाल्यांकडून वाटेपुरती परवानगी घेतली. हळूहळू सुमारे शंभर मालकांच्या जमिनींतून १६० किलोमीटरहून जास्त लांबीचे वाटांचे जाळे तयार झाले. सायकलवाल्याने संस्थेचा पास घ्यायचा आणि फिरायचे. पासाचे पैसे वाटांची निगा राखण्याला जातात. जमीनमालक भाडे घेत नाहीत. २०१९ साली तेथे वर्षभरात सव्वा लाखाहून अधिक फेऱ्यांची नोंद झाली. शेजारच्या कॅनडातूनही लोक येत. एवढ्याशा गावाला याहून मोठा ग्राहक कोठून मिळणार?

आणि मग डिसेंबर २०१९ मध्ये तीन जमीनमालकांनी कळविले की, यापुढे आमच्या जमिनीतून सायकली जाणार नाहीत. शंभरांतले फक्त तीन. पण त्यांच्या जमिनी डार्लिंग हिल नावाच्या टेकडीवर, जाळ्याच्या अगदी मध्यावर होत्या. लोकांना सर्वांत प्रिय असलेल्या वाटा एका दिवसात बंद झाल्या. तक्रार पैशाची नव्हती. गर्दी झाली, मोटारींची कोंडी झाली, घोड्यावरून जाणाऱ्यांशी काही सायकलस्वार उद्धटपणे वागले, अशी ती तक्रार होती. संस्था कोर्टात जाऊ शकली नाही, कारण कोर्टात दाखवायला हक असा नव्हताच. होती ती परवानगी, आणि ज्याने दिली त्याने ती काढून घेतली. नंतर संस्थेने गर्दीचा आणि वाहनतळाचा अभ्यास करून घेतला, पण हे शहाणपण पंचवीस वर्षांनी आले.

या धंद्यातली खरी गोम येथे आहे. पास छापणारा समजतो की मी वाट विकतो. वास्तविक तो शंभर मालकांची मर्जी विकत असतो, आणि ती मर्जी त्याच्या गोदामात नसते. कपड्याचे थान एकदा विकत घेतले की गिरणीवाला ते परत मागत नाही. हा माल मात्र मालक केव्हाही परत मागू शकतो. म्हणून या धंद्यात ग्राहक सांभाळणे दुसऱ्या नंबरचे काम. पहिले काम जमीनमालक सांभाळणे.

आपल्याकडचा कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात परवानगी आणि वहिवाटीचा हक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम ५२ प्रमाणे दिलेली परवानगी मालक काढून घेऊ शकतो. याउलट दुसऱ्याच्या जमिनीतून कोणी वीस वर्षे उघडपणे, शांततेने आणि हक म्हणून येत-जात राहिला, तर कलम १५ प्रमाणे त्याला कायमचा हक मागता येतो. ज्यांनी मदरशात फिक्ह वाचली आहे त्यांना हा भेद नवा नाही. हनफी फिक्हमध्ये ‘हक्के-मुरूर’, म्हणजे जाण्यायेण्याचा हक, वेगळा आणि ‘इबाहत’, म्हणजे मालकाने दिलेली मोकळीक, वेगळी. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेतही हेच सांगितले आहे : केवळ इजाजतीने कोणी कितीही दिवस ये-जा केली तरी मालक त्याला पुढे मना करू शकतो.

आता शेतकरी वाट द्यायला का भितो ते पाहा. त्याच्या मनात एकच गोष्ट असते : आज दोन सायकली जाऊ दिल्या, उद्या बैलगाडी जाईल, परवा ट्रॅक्टर, आणि दहा वर्षांनी कोणी तहसीलदाराकडे अर्ज करील की ही जुनी वहिवाट आहे. ही भीती खोटी नाही. धुऱ्यावरून भावाभावांत डोकी फुटतात. जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आणि १९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा यांखालील रस्त्यांचे दावे प्रत्येक तहसील कार्यालयात पडलेले असतात.

या भीतीवर उपाय म्हणजे लेखी परवाना. लोकांना वाटते की कागद केला म्हणजे जमीन अडकली. येथे नेमके उलटे आहे. ‘ही ये-जा माझ्या परवानगीने, अमुक मुदतीपुरती आहे’ असा कागद आणि पासांची नंबर घातलेली स्थळप्रत-पुस्तके जपून ठेवली, तर या ये-जेच्या आधारावर कोणालाही वीस वर्षांनी वहिवाटीचा दावा सांगता येणार नाही. दुकानगाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स आपण अकरा महिन्यांचा करतो, त्यामागेही साधारण हीच वृत्ती असते. ज्याला हा धंदा करायचा आहे त्याने शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून सर्वांत आधी हे समजावून सांगावे. पैशाची बात त्यानंतर.

कागद करताना काही गोष्टी विसरू नयेत. सातबारावर जेवढी नावे, तेवढ्या सह्या. आपल्या समाजात वडील वारले की मुलींचाही वाटा असतो. सातबारावर नाव चढले नाही म्हणून बहिणीचा हक जात नाही, तेव्हा तिची संमती घ्यावीच. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर आधी तहसीलमध्ये विचारावे. दर्ग्याची किंवा मशिदीची इनामी, वक्फ जमीन असेल तर मुतवल्लीच्या एकट्याच्या सहीवर व्यवहार करू नये. वक्फ मंडळाची मंजुरी लागते. स्टॅम्पपेपर ५०० रुपयांचा घ्यावा, १०० रुपयांवर आता भागत नाही. आणि दुसऱ्याच्या शेतात सिमेंटचा पूल, पक्की खोली असले काही बांधू नये. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे परवानगीवर विसंबून कायमचे बांधकाम केले, तर ती परवानगी मालकाला सहजी काढून घेता येत नाही. हे शेतकऱ्याच्या वकिलाला ठाऊक असते, आणि तेथेच त्याचा विश्वास उडतो. लाकडी फळी टाकावी, दगड लावावेत, जाताना उचलून नेता येईल असेच सारे ठेवावे.

आता पैसा. अमेरिकेत मालक फुकट वाट देतात, कारण तेथे फुकट येऊ देणाऱ्या मालकाला अपघाताच्या जबाबदारीतून बरेच संरक्षण देणारे कायदे आहेत. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही आणि आपल्या शेतकऱ्याची परिस्थितीही फुकट द्यायची नाही. मग किती द्यावे? एक मीटर रुंदीची, एक किलोमीटर लांबीची वाट म्हणजे एक हजार चौरस मीटर, सुमारे दहा गुंठे, पाव एकर. कोरडवाहू कापूस एकरी चार-पाच क्विंटल धरला तर पाव एकराचा एक-सव्वा क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. म्हणजे वाट उभ्या पिकातून गेली तर किलोमीटरमागे आठ ते दहा हजारांचे उत्पन्न बुडते. याहून कमी बोली करणे म्हणजे शेतकऱ्याला फसविणे होय. वाट धुऱ्याधुऱ्याने, पडीक बरडातून, नाल्याच्या काठाने नेली तर पीक बुडत नाही आणि भाडेही बेताचे राहते. म्हणून आखणी करणाऱ्याने आधी धुरे पायी फिरावेत, मग कागदावर रेघ ओढावी. आणखी एक : पासाच्या विक्रीवर टक्केवारी देण्याचा मोह टाळावा. इजारा, म्हणजे भाड्याचा व्यवहार, रक्कम आणि मुदत ठरलेली असली म्हणजेच साफ राहतो. हंगामाची रक्कम आधी ठरवून, आधी द्यावी. नफ्यात भागी करायची असेल तर रीतसर शिरकत करावी आणि आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

हंगाम लहान आहे, हे मात्र कोणी लपवू नये. मृगापासून काळी माती ओली असते. तीवरून एक सायकल गेली तरी चाकोरी पडते आणि दहा गेल्या तर धुरा फुटतो. ऑक्टोबरपर्यंत वाट बंदच ठेवावी. पुढे कापसाची वेचणी सुरू होते, बाया शेतात असतात. तेव्हा पिकातल्या वाटा बंद, फक्त बाहेरच्या खुल्या. मार्चनंतर ऊन. म्हणजे धंद्याचे दिवस शंभर-सव्वाशे, आणि तेही सकाळचे. कोणी वर्षभराच्या कमाईचे गणित दाखवीत असेल तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

धोक्यांची गोष्टही आपल्या भागात वेगळी. अमेरिकेतल्या वाटेवर झाड आडवे येते. येथे बिनकठड्याची विहीर आणि रानडुक्कर-रोह्यांसाठी लावलेली तार असते. सौर झटका यंत्राची तार निदान कायद्यात बसते. पण काही जण रात्री थेट लाइनचा करंट सोडतात, आणि त्याने माणसेही मरतात. ज्या शेतात अशी तार असेल तेथून वाट नेऊच नये, मालक कितीही हमी देवो. फवारणीच्या दिवशी वाट बंद हवी. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीस-एक माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. आणि टिपेश्वरचे वाघ अभयारण्याची हद्द मानीत नाहीत. पांढरकवडा-राळेगाव भागात २०१८ पर्यंत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा पहाट फटफटण्याआधी आणि दिवेलागणीनंतर पास द्यायचाच नाही. हेल्मेट सक्तीचे, सार्वजनिक दायित्वाचा विमा काढलेला आणि प्रत्येक पासावर आणीबाणीचा फोन नंबर. ‘माझी जबाबदारी मी घेतो’ अशी सही घेतली म्हणजे आपण निष्काळजीपणातून सुटलो असे कोणी समजू नये.

रोजची संख्या बांधून घ्यावी. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालून शुल्क घेतले जाऊ लागले, आणि कारभारात आजूबाजूच्या गावांच्या समित्या आल्या. आपल्या एका बारा किलोमीटरच्या फेरीला दिवसाला तीस-चाळीस पास पुष्कळ झाले. जास्त आले तर दुसऱ्या दिवसाचा पास द्यावा. बर्कच्या लोकांनी हेच वेळेवर केले असते तर डार्लिंग हिल कदाचित राहिली असती.

आपल्या कारागिरांना मात्र या पासांहून मोठे काम बाजूला आहे. आपले सायकल मिस्त्री पंक्चर आणि स्पोक यांत पिढ्यान्‌पिढ्या तरबेज. पण गिअरची सायकल आली की पुष्कळ जण हात आखडता घेतात. टायर २६, २७.५ आणि २९ इंची असतात, तिन्हींच्या ट्यूब ठेवाव्या लागतात. काहींचा वॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा. त्याला साध्या पंपाचे तोंड बसत नाही, पितळी अडॅप्टर लागतो. डिस्क ब्रेकच्या तबकडीला तेलाचा थेंब लागला तर ब्रेक गेलाच म्हणून समजा, आणि आपल्या दुकानात तेलाचे बोट कोठे लागत नाही! आमच्या धुऱ्यांवर बाभळीचे काटे, तेव्हा ट्यूबलेस टायरात घालायचे सीलंट येथे विकले जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. शिवणकाम करणाऱ्यांना सीटखालच्या पिशव्या, चमकणाऱ्या पट्टीची जाकिटे. खानावळवाल्यांना सकाळची भाकरी-ठेचा. रानात दारू आणणाऱ्याचा पास रद्द, हे पासावर मोठ्या अक्षरात छापावे. आपल्या दीनाच्या दृष्टीने ते हवेच, आणि शेतावर बायामाणसे असलेल्या शेतकऱ्यालाही तेच हवे असते.

सरकारी बाजूही अगदी कोरडी नाही. बारामतीजवळच्या कृषी पर्यटनाचा बोलबाला २००५ पासूनचा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले, त्याखाली शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. मुक्कामाची किंवा जेवणाची सोय ज्याच्या शेतात असेल त्याने ती नोंदणी करून घ्यावी, पास देणाऱ्याने नव्हे. २०२१ च्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून जे पांदण रस्ते मोकळे झाले, ते सार्वजनिक आहेत. त्यांवरून जायला पास लावता येणार नाही, पण दोन शेतांतल्या वाटा त्यांनी जोडता येतात. अशा जोडणीने चार-पाच मालकांत एक फेरी बसत असेल, तर पहिल्या वर्षी तेवढीच करावी. आणि एखाद्या मालकाने मधूनच नाही म्हटले तरी फेरी तुटू नये, यासाठी प्रत्येक तुकड्याला बाजूने दुसरी वाट आखणीच्या वेळीच पाहून ठेवावी.